न झालेली प्रॅक्टिकलं

बारावीला प्रॅक्टिकलमध्ये मला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क होते. आमच्या फर्दापूरकडच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेची खोली होती आणि तिला कायम कुलूप असायचं. आत काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. परीक्षेच्या आधी आम्ही सगळ्यांनी एकमेकांचं बघून जर्नलं उतरवली, आणि मार्क आपोआप आले. सगळीकडं असंच असतं, असं आम्हाला वाटायचं. वडिलांनी फाट्यावरच्या आपल्या हॉटेलात गिऱ्हाइकांना पेढे दिले आणि मी बीएस्सीला संभाजीनगरला आले.

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, "टायट्रेशन बारावीत सगळ्यांनी केलंय ना?" वर्गानं माना हलवल्या. मीही हलवली. समोर उभी लांब काचेची नळी म्हणजे ब्युरेट, हे मला चित्रावरून माहीत होतं. तिची तोटी कोणत्या हातानं फिरवायची, ते चित्रात नव्हतं. मी फिरवली आणि खालच्या चंबूतलं पाणी एका क्षणात गुलालासारखं झालं. थेंब थेंब सोडून ते फिक्कट गुलाबी व्हायला हवं होतं.

माझ्या टेबलावरची जोडीदारीण शहरातलीच होती, रोशनगेटकडची. तिचे वडील कापडाचे व्यापारी. ती इंग्रजी शाळेत शिकलेली आणि स्वभावानं इतकी चांगली, की तिचा राग करायचीही सोय नव्हती. तिनं माझ्या हातातला चंबू घेतला आणि म्हणाली, "अरे यार, तू रहने दे. मी करते. तू फक्त रीडिंग लिही."

मग ती करायची आणि मी लिहायचे. तास संपला की काचसामान मी धुवायचे. तेवढं मला नीट जमायचं. लेक्चरला इंग्रजी कानावरून जायचं. फळ्यावरचं उतरवून घेत होते, पण खोलीवर येऊन वाचलं तर दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटायचं. मुकुंदवाडीतल्या त्या खोलीत आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघी नर्सिंगच्या. त्या आल्या की दिवसभरात काय शिकल्या ते एकमेकींना करून दाखवायच्या, एकमेकींची नाडी बघायच्या. मी पुस्तक उघडून भिंतीकडं तोंड करून बसायचे.

दसऱ्यानंतर एके दिवशी जोडीदारीण आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. तिला प्रवेशाच्या उशिराच्या फेरीत आयुर्वेदाला सीट मिळाली होती. तोवर ती नुसती वाट बघत इथं बसली होती, हे मला तेव्हा कळलं. "टेन्शन मत ले, तुझं होईल," असं म्हणून तिनं मला मिठी मारली. तिच्यासारखे आणखीही बरेच जण गेले. वर्ग अर्धा रिकामा झाला. उरलो ते कुठंच सीट न मिळालेले.

टेबलावर मी एकटी राहिले. तिसऱ्यांदा चंबू गडद गुलाबी झाला तेव्हा सर जवळ आले.

"अगं, बारावीत केलंयस ना हे?"

"नाही सर. आमच्याकडं प्रॅक्टिकल झालंच नाही कधी."

मागं कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणारे, वयानं लहान, आमच्यापेक्षा फार मोठे नसतील. ते म्हणाले, "शनिवारी ये. अजून कुणाचं झालं नसेल तर त्यांनाही घेऊन ये."

मी कुणाला विचारणार? पण तास सुटल्यावर करमाडहून रोज रेल्वेनं येणारी एक मुलगी माझ्यामागं आली आणि हळूच म्हणाली, "आमच्याकडं बी नव्हतं गं. मी नुसती मान हलवत असते."

शनिवारी आम्ही दोघीच होतो. सरांनी आधी नुसतं पाणी भरून तोटी फिरवायला लावली, हात बसेपर्यंत. मग म्हणाले, "घाई नको. चंबू हलवत राहा. रंग येतो अन् जातो, येतो अन् जातो. जायचा थांबला की तूही थांब." मी थांबले. चंबूच्या खाली पांढरा कागद होता, त्यावर अगदी फिक्कट गुलाबी दिसत होतं. करमाडवाली ओरडलीच, "आलं की!" त्या वर्षात विज्ञान म्हणून मला जे काही समजलं, ते तेवढंच.

त्यानंतर असे दोन-तीन शनिवार झाले. मग सेमिस्टर संपलं आणि त्याबरोबर सरांची नेमणूकही. पुढची ऑर्डर निघेपर्यंत त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. ती मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकड्यावर गाडीची वाट बघत बसायची, मी तिच्यासोबत. अभ्यासाचं आम्ही बोलायचो नाही. तिच्या घरी पाहुणे बघायला येऊ लागले होते. ती म्हणायची, "झालं तर झालं लग्न. इथं तरी काय चाललंय?"

वर्षअखेरच्या प्रॅक्टिकल परीक्षेला माझ्या वाट्याला द्रवाचा चिकटपणा मोजायचा प्रयोग आला. त्यासाठीची वाकडी काचेची नळी मी पहिल्यांदाच बघत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे कधी हातात घेतलंय का?"

"नाही सर."

त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं, मांडून ठेव फक्त. फोडू नकोस."

त्यात मी पास झाले. लेखीत रसायनशास्त्र आणि गणित, दोन्ही गेले. मागचे विषय काढत पुढच्या वर्षाला बसता येतं, असं ऑफिसातून कळलं. करमाडवालीचं लग्न ठरलं होतं. ती निकाल बघायलाही आली नाही.

मी वडिलांना फोनवर खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते न कळवताच आले, लग्नाकार्याचा शर्ट घालून. त्यांना कुणालातरी भेटायचं होतं. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सुट्टी लागलेली, डिपार्टमेंटला कुणी नव्हतं. प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. ते गजांना धरून आत बघत राहिले. ओळीनं टेबलं, काचेची कपाटं, बेसिनं.

"एवढं सामान हाय की," ते म्हणाले. "मंग?"

मी त्यांना घेऊन बसस्टँडकडं निघाले.

बसस्टँडवर त्यांनी मला पोहे घेऊन दिले, स्वतः खाल्ले नाहीत. सिल्लोडमार्गे जाणारी गाडी लागली तशी ते उठले. पायरीवर पाय ठेवून मागं वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लगेच घरी येऊ नको. लोक इचारतेत. थोडे दिवस हितंच ऱ्हा."

"बरं," मी म्हणाले.

खोलीवरच्या दोघी सुट्टीला गावी गेल्या होत्या. मी पंखा लावला आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख मोबाइलवर शोधत बसले. दुसरं काही करायला मला येत नव्हतं.