चेन बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही!

गॅरेजमधून ट्रक दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र मागे साठत राहतात. सत्तरच्या दशकात गिरीजच्या रस्त्यावर अंतोनमामांचं गॅरेज होतं, तिथं मी फिटर होतो. हे सगळे किस्से एकाच ट्रकचे, बोळिंजच्या केळीवाल्या शेठच्या. इंजिनाची टायमिंग चेन पार सैल होऊन खडखडत होती. ताणायलाही जागा उरली नव्हती. खाडीकडच्या उतारावर तुटली तर इंजिन बंद, ब्रेक जड आणि स्टिअरिंगवर शेठचा ड्रायव्हर, आमचा पास्कू! मामांनी ठणकावलं, "चेन बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही!"

*

"चेनचं राहू दे. खडखड तेवढी बंद कर," शेठ म्हणाले.

मामांनी कापसाचे दोन बोळे त्यांच्या हातावर ठेवले. "एकेक कानात घाला. आवाज बंद!"

*

दुसऱ्या दिवशी शेठ नवी आयडिया घेऊन हजर. "चेन उलटी करून बसव ना! दुसरी बाजू कोरी असेल."

"शेठ, तुमचा दात किडला तेव्हा उलटा करून बसवलात का?"

*

मग शेठनी चर्चच्या फादरांना गाठलं. "गाडीला आशीर्वाद द्या फादर, म्हणजे या लोकांची भीती जाईल."

फादर आले. पास्कूनं इंजिन सुरू केलं. फादरांनी क्षणभर ऐकलं आणि पास्कूच्या डोक्यावर हात ठेवला. "आधी ड्रायव्हरला देतो!"

*

शेठ भडकले. "पास्कू, उद्यापासून फुलपाड्याचा ड्रायव्हर येईल. तू घरी बस!"

पास्कूच्या घरात कमावणारा तो एकटा. पण पठ्ठ्या म्हणाला, "घरी बसेन. खाडीत जाऊन बसणार नाही!" मला त्याचा फार अभिमान वाटला.

सकाळी फुलपाड्याचा ड्रायव्हर आला. स्टार्टर मारला, खडखड ऐकली, खाली उतरला.

"पास्कू, तुझ्या घरी अजून एकाला बसायला जागा आहे का रे?"

*

शेवटी शेठ स्वतःच स्टिअरिंगवर चढले. मागे केळी भरलेली, शेजारी शेठाणीबाई. त्यांना दादरला माहेरी जायचं होतं.

"मीच नेतो! बघू कोण अडवतं ते!"

इंजिन सुरू झालं. शेठाणीबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अंतोन, हे काय वाजतंय?"

मामांनी सगळं सांगितलं. चेन, उतार, ब्रेक.

बाईंनी हात लांब करून इंजिन बंद केलं, किल्ली काढून कमरेला खोचली आणि खाली उतरल्या.

"अगं, किल्ली दे! बदलतो चेन, पण ती मुंबईला मिळते. आणायला जाऊ कसा?"

"चालत!"