पीटीच्या बाईंची सोनोग्राफी

सदर व्यक्ती स्त्री, विवाहित, माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका. ओळखीची खूण: गळ्यात शिट्टी. आवाज: मैदानाच्या दोन्ही टोकांना पुरून उरेल एवढा. शारीरिक क्षमता: उत्तम. हा शेरा शाळेच्या दप्तरी आहे, आणि तो बाळंतपणाआधीचा असल्याने त्याला खोटा म्हणता येत नाही.

बाळ चिमटा लावून काढावं लागलं होतं. तेव्हापासून पीटीच्या बाई दोरीवरच्या उड्या नुसत्या तोंडाने शिकवत. एकदा हौसेने स्वतः मारून दाखवल्या आणि उरलेला दिवस ओली ट्रॅकपँट झाकायला कमरेला स्वेटर बांधून काढला. हेडमास्तरांनी मोठ्या मनाने लायब्ररी देऊ केली. बाईंना पुस्तकांचं वावडं नव्हतं. पण उरलेली नोकरी ‘हळू बोला’ असं सांगत करायची, या कल्पनेनेच त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे जायचा. त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चिमट्याने कधी कधी ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हाडापासून सुटतो, आणि सुटलेला व्यायामाने परत चिकटत नाही. बघूनच सांगता येईल.

म्हणून सोनोग्राफी. सोबत सासूबाई, त्यांच्या कडेवर बाळ. वाटेत त्यांचं एकच पालुपद चालू होतं: आमच्या वेळी बायका खोकण्याआधी पाय आवळायच्या आणि गप्प बसायच्या, त्याचे कुणी फोटो काढत नव्हतं.

बाई गुडघे मुडपून आडव्या झाल्या. गार जेल, आवरण घातलेला प्रोब, तोही बाहेरूनच टेकवलेला. स्क्रीनवर मुंग्या आलेल्या टीव्हीसारखं काहीतरी करडं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण गप्प राहण्यात मुरलेल्या.

‘‘आता आवळा,’’ त्या म्हणाल्या.

बाईंनी श्वास रोखला, छाती काढली, मुठी, जबडा, कपाळ, सगळं सावधानमध्ये आणलं. स्क्रीनवर मूत्राशयाचा काळा डाग सरळ खाली घसरला.

‘‘घरी व्यायाम असाच करता?’’

‘‘रोज. एक दिवस खाडा नाही.’’

‘‘बाई, तुम्ही ढकलताय. उचलायचंय. श्वास सोडा, लघवी मध्येच थांबवायची तसं करा. आणि जबड्याला सुट्टी द्या, त्याचं इथे काही काम नाही.’’

जबड्याला सुट्टी मिळाली. काळा डाग जरा घुटमळला, मग आढेवेढे घेत वर सरकला.

डॉक्टरांनी प्रोब डावीकडे, उजवीकडे फिरवला. शेवटी बाईंनीच विचारलं, ‘‘सुटलाय का?’’

‘‘नाही. दोन्हीकडे हाडाला धरून आहे. बिचाऱ्याला उलट्या ऑर्डरी मिळत होत्या, एवढंच.’’

अहवालात लिहिलं गेलं: स्नायू दोन्ही बाजूंनी अखंड. आकुंचन क्षीण, परंतु उपस्थित. योग्य सरावानंतर मैदानी काम टप्प्याटप्प्याने सुरू करण्यास हरकत नाही. तपासणीदरम्यान रुग्णाचे सहकार्य उत्तम.

रुग्ण त्या वेळी हुंदके देत होती. तिच्या ट्रॅकपँटची नाडी सासूबाईंनी बांधली, आणि तेवढा वेळ बाळ डॉक्टरांनी धरलं.