मोईननं लावलेला क्रम

वरकुट्याच्या सिकंदर आतारांचा जन्म बॉयलरपुढं गेला म्हटलं तरी चालेल. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट. उभ्या काचेत पाणी किती चढलं, किती उतरलं, यावर डोळा ठेवायचा, हीच नोकरी. पाणी फार उतरलं तर बॉयलर फुटू शकतो. माणूस बोलायला कमी आणि रुसायला पुढं. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं.

मुलगा मोईन बारामतीला शिकून त्याच कारखान्यात मीटरांच्या कामाला लागला, तेव्हा मात्र या रुसक्या माणसानं अख्ख्या पाळीला पेढे वाटले. बॉयलरचं पाणी, वाफेचा दाब, रसाचा प्रवाह, वजनकाटा, सगळी मीटरं एकाच तारेवरून कंट्रोल रूमशी बोलतात. एका वेळी एकालाच बोलता येतं. आधी कोण आणि मग कोण, हे तिथल्या कॉम्प्युटरच्या एका कार्डात ठरवून द्यावं लागतं. ते मोईनचं काम.

गेल्या हंगामात गेटवरच्या फलकानं घात केला. गाळपाचा आकडा आपल्याकडं लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघतात, आणि आमच्या फलकावर तो सारखा उशिरा यायचा. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "सिकंदरभाई, पोराचा आकडा बैलगाडीतनं येतोय व्हय?" सगळे हसले. सिकंदरभाईंच्या ते जिव्हारी लागलं. घरी येऊन बायकोसमोर, जमीलाबीसमोर, त्यांनी पोराला सुनावलं, "जमत न्हाय तर सोड नोकरी. चारचौघांत माझी मान खाली घालू नगंस."

 फलक काही सुधारला नाही. मग बापानं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

हंगाम संपता संपता एका संध्याकाळी इंदापूर रस्त्यावर उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. मोईनची मोटारसायकल तिच्यावर आदळली. तो जागीच गेला.

यंदा त्याच्या जागी अविराज नावाचा इंजिनिअर आला. बॉयलर पेटायच्या आधी त्यानं सिकंदरभाईंना वर कंट्रोल रूममध्ये बोलावून घेतलं.

"चाचा, मोईनचं सेटिंग बघत होतो. कार्डाची कंपनी सगळ्या मीटरांना सारखी पाळी देऊन पाठवते. यानं बॉयलरचं पाणी सगळ्यांच्या पुढं घेतलंय. बाकीच्यांना थांबवून आधी ते. म्हणून तर गेटचा आकडा मागं पडतो. खरं तर गरज न्हाय, पाणी उतरलं तर वाजायला बॉयलरला वेगळा भोंगा हाय. मग का केलं असंल असं?"

"तितं मी असतो," सिकंदरभाई म्हणाले.

अविराजनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "मग ऱ्हाऊ द्या तसंच."

सिकंदरभाई खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. पोरानं सांगितलं का नाही, हे विचारायची सोय नव्हती. सांगायला तो आला होता, बहुतेक. त्या शेवटच्या संध्याकाळी घरी निघताना हातात हेल्मेट घेऊन तो बॉयलरपाशी थांबला होता. "अब्बा, काचेतलं पाणी आन् वरनं कळवत्यात तो आकडा जुळतोय न्हवं?" त्यानं विचारलं होतं.

जुळत होता, अगदी बरोबर. नुसतं व्हय म्हणायचं होतं. सिकंदरभाई काचेकडंच बघत राहिले. मोईन गाडीकडं निघून गेला.