मावशीची फौज

"चेहरे नका पाहू वं बायांनो, पाय पाहा, पाय!"

दिवे मालवले आणि पांढऱ्या पडद्यावर पहिली अक्षरं थरथरायला लागली की मावशी हे म्हणायचीच. म्हणताना पदर कमरेला खोचायची आणि बाकाच्या अगदी कडेला सरकून बसायची, जणू आता मोठी कणिक तिंबायची आहे. तुम्हीही पुष्कळ सिनेमे पाहिले असतील. पण राजाराणीला सोडून मागच्या भालेकऱ्यांचे पाय कधी पाहिलेत का? आम्ही पाहिले. खामगावच्या आमच्या गल्लीतल्या पाच-सहा बाया वर्षानुवर्षं तेच पाहत होत्या.

मी सोनाळ्याहून लग्न होऊन खामगावात आले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारी हुकूम नागपूरहून यायचे आणि सिनेमे मुंबईहून. दोन्ही उशिराच पोचायचे. मोठ्या गावांत चालून चालून फिल्मला रेघा पडलेल्या असत, पण आमच्यासाठी खेळ नवाच. रंगीत पाट्या बांधलेली बैलगाडी ढोल वाजवत गल्लीतून गेली की मावशी हातातली सुई रजईत तशीच टोचून बाहेर यायची.

गल्लीत सगळे तिला मावशीच म्हणत. रजया शिवणं हा तिचा धंदा. केसांत कायम रुईचे तंतू अडकलेले, त्यामुळे होती त्यापेक्षा म्हातारी दिसायची. राहायची एकटी. कपाळावर मात्र हे एवढं थोरलं कुंकू.

त्या कुंकवाची हकिगत सासूबाईंनी मला आल्या आल्याच ऐकवली. मावशीचा नवरा कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होता. एका वर्षी गावात तंबूतला सिनेमा आला, आणि तंबू उठला तेव्हा त्याच्यामागे तोही गेला. "लोकं जत्रेतून भांडं आणतात, हिनं नवरा घालवला," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांची जीभ तशी तिखटच. पुढे मुंबईहून आलेल्या कोणी सांगितलं की तो एका फिल्म कंपनीत आहे, आणि त्याला 'गर्दीत उभं राह्याचं काम' भेटलं आहे. त्यानंतर खबर नाही.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. बारा वर्षं माणसाची खबरबात लागली नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. मावशीचा दीर पोळ्याला गावाकडून यायचा आणि ओट्यावर बसून बोटं मोजायचा.

"वहिनी, आता एवढी राह्यली."

"मोजा भाऊजी," मावशी म्हणायची. "मी बी पाहूनच राह्यली."

तर मावशी सिनेमाला जायची ती नवऱ्याला शोधायला. माणूस गर्दीत उभा राहायचं काम करतो, तर कुठल्या ना कुठल्या गर्दीत दिसेलच, हा तिचा सरळ हिशेब. आणि दिसला की तो आहे, म्हणजे कुंकूही आहे.

"पण मावशी, दाढीमिशा लावल्यावर ओळखणार कसं?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं.

"चेहरा रंगवता येते पोरी. चाल कोठून रंगवतीन?"

जिनात असताना त्याच्या डाव्या पायावर रुईची गठाण पडली होती. तेव्हापासून तो पाय तो बाहेर फेकून चालायचा. म्हणून आम्ही पाय पाहायचे.

थेटर म्हणजे जुनं रुईचं गोदामच. मध्ये जाड कापडाचा पडदा, अलीकडे बाया, पलीकडे पुरुष. बायांच्या दारावर अमिनाबी तिकिटं घ्यायला असे. मावशी दारातच तिला विचारायची, "आज फौज हाय काय वं?"

"नहीं बहन, आज तो सिर्फ मियाँबीवी का रोना है. घर जा, रजाई सी."

तरीही मावशी आत जायची. रडणाऱ्या मियाँबीवीच्या मागून रस्त्यानं कोणी जात असलं तर? घरगुती सिनेमांचा तिला मनस्वी राग. एवढा खर्च करून चार माणसं दाखवतात, म्हणायची. पौराणिक खेळ तिला प्रिय, कारण त्यात दरबार असतो आणि सगळे अनवाणी असतात. पण दरबारी लोक नुसतेच उभे राहिले की तिचा जीव खालीवर व्हायचा. "हालवा ना रे त्याइले कोणी!" ती राजालाच सांगायची.

घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "काय होतं वं सिनेमात?" आम्ही एकमेकींकडे पाहायचो. गोष्ट कोणाला माहीत होती! "फौज होती," मी सांगायचे. "पायात वहाणा होत्या." सासूबाई कपाळाला हात लावायच्या. त्या स्वतः थेटरची पायरी कधी चढल्या नव्हत्या. तिथं कोणाच्या मांडीला मांडी लागते याचा नेम नाही, हे त्यांचं म्हणणं.

जुना खेळ परत लागला की मावशी घरातून हलायची नाही. एकदा मी फार आग्रह केला. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "जुन्यात दिसले तं तवाचे दिसतीन. मले आताचे पाह्यजेत."

बारा वर्षं भरत आली. त्या पोळ्याला दीर पळसाची पानं कुठून आणायची तेही बोलून गेला. मावशी त्या दिवशी जेवली नाही. कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या आणि एक लढाईचा खेळ लागला. अमिनाबीनं दारातूनच हाक मारली, "दौडके आ, आज पूरी फौज है!"

मध्यंतरानंतर किल्ल्यातून फौज निघाली. आमच्याकडे पाठ करून रांगाच्या रांगा वेशीतून बाहेर जात होत्या. आम्ही पाय पाहत होतो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, एक भालेकरी डावा पाय बाहेर फेकत चालला होता. मीही पाहिला. मावशी उठून उभी राहिली. मग एकदम ओरडली, "दिसले!"

सगळा बाक उभा राहिला. पडद्यापलीकडून पुरुष ओरडले, "ओ बाया, चूप बसा!" तोवर वेस बंद झाली होती. पुढे लढाई कोण जिंकलं ते मला आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीनं गल्लीत गूळखोबरं वाटलं. हातभर हिरवा चुडा भरला. सासूबाईंना ते काही पटेना. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "पाठ पाहून कोणी नवरा ओळखते काय वं?"

मावशीनं खोबऱ्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "जातानी पाठच तं पाह्यली होती बाई मी."

सासूबाईंनी खोबरं घेतलं आणि त्या आत गेल्या.

दिराला मावशीनं निरोप धाडला, "आता पहिल्यापासून मोजा."

कापसाच्या एका दलालाचा कारकून मुंबईला जाणार होता, त्याच्याजवळ तिनं नवऱ्यासाठी एक रजईही पाठवली. तो रजई तशीच परत घेऊन आला. गर्दीतल्या माणसांची नावं तिथं कोणी विचारत नाही, म्हणाला. मावशीनं ती रजई उन्हात घातली आणि घडी करून ठेवली.

त्यानंतरही प्रत्येक नवा खेळ आम्ही पाहिला. मोठी लढाई आली, घासलेट मिळेनासं झालं, सिनेमे येतच राहिले. भालेकरी परत दिसला नाही. रजया शिवून शिवून मावशीचे डोळे अधू झाले. मग ती माझा हात धरून बसायची, आणि पडद्यावर गर्दी झाली की हात दाबायची. "दिसले का?"

"नाही मावशी."

"बरं. पण खोटं हो म्हणजो नको, पोरी. मोजणी चुकते."

कितीदा वाटायचं, म्हणून टाकावं एकदा हो. तिच्या बोटांची ती पकड अजूनही मला अंधारात आठवते.

एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. दुसरी मोजणी पुरी व्हायला अजून अवकाश होता. दीर आला. बाया हिरवं लुगडं शोधायला लागल्या तसा तो म्हणाला, "हिरवं कायले? दादा केव्हाचाच गेला. नुसती पाठ पाह्यली, ते बी एकट्या वहिनीनं."

आम्ही सिनेमावाल्या बाया, आमचं कोण ऐकणार? तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या, काठी टेकत.

"एकट्या वहिनीनं काऊन? मी बी पाह्यला त्याले. ह्या डोळ्यानं. बारा वर्षं झाली काय? नाही ना? मंग हिरवं आणा."

सासूबाईंच्या शब्दापुढे गल्लीत कोणी बोलत नसे. मावशी हिरव्या लुगड्यात, चुडा भरून, मळवट भरून गेली. घडी करून ठेवलेली ती रजई सासूबाईंनीच तिच्याखाली अंथरली.

दिवाळीनंतर तोच लढाईचा खेळ परत लागला. गाडी ढोल वाजवत गेली आणि सासूबाई ओट्यावरून उठल्या. "चाल वं. मले दाखव. बोलली तं पाहून तं घेऊ दे."

अमिनाबीनं त्यांना मावशीची कडेची जागा दिली. त्या अंग चोरून बसल्या. फिल्म आता पार झिजली होती. फौज निघाली तशी मी त्यांचा हात धरला. "तो पाहा, शेवटचा. कडेचा."

सासूबाई पुढे वाकल्या. डावा पाय फेकत, पाठमोरा, तो वेशीतून चालला होता.

"लय उशीर केला रे पोरा," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

पडद्यापलीकडून त्या दिवशी कोणीच चूप म्हटलं नाही.