एकाच पाख्याचा सौदा

दाजी गेल्याचा निरोप चाकणहून कांदे घेऊन आलेल्या गाडीवानानं आणला. मी तेव्हा कासारवाडीच्या माझ्या वखारीत जुन्या सागाच्या वाशांवरून एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. निरोप ऐकला, सौदा पुरा केला आणि मगच निघालो. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. ज्या माणसाशी कित्येक वर्षं बोललो नव्हतो, त्याच्यासाठी आलेलं गिऱ्हाईक कशाला सोडू?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चाकणजवळच्या खेड्यात सुतारकी करायचे, पण नाव झालं ते छपरं पाहण्यात. वादळ होऊन गेलं की लोक त्यांना बोलावून नेत. इतर सुतार शिडी लावून वर चढत. दाजी भर दुपारी घरात शिरत, दारं-खिडक्या लावून घेत, जमिनीवर उताणे पडत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहत. मग सरकलेल्या कौलांतून उतरणारे उजेडाचे ठिपके दिसू लागत... पडल्या पडल्याच लांब बांबूनं वासे ठोकत आणि आवाजावरून सांगत, कुठला पोखरला आहे. सांगण्याची तऱ्हा मात्र जहरी. एका विधवेला तिच्याच दारात, चार माणसांत ते म्हणाले होते, "छप्पर न्हाई बाई हे, चाळण हाय. खाली परात ठेवा, पीठ चाळा." ती रडली. हे हसले.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडलेला माणूस. पिंपरीकडं कारखाने येऊ लागले, बाहेरगावचे लोक खोल्या बांधू लागले, तसा जुन्या कौलांचा आणि लाकडांचा माझा धंदा चालला. घर बांधलं. एका वैशाखात वळवानं कौलं हलली म्हणून मी दाजींना बोलावलं. त्यांनी सबंध छपराची मजुरी सांगितली. मी म्हणालो, पूर्वेच्या उतरणीचं, तेवढं एकच पाखं बघा, अर्धी घ्या. पश्चिमेच्या उतरणीचं लाकूड मी स्वतः निवडलं होतं. त्यात दुसऱ्यानं काय बघायचं? दाजींनी मुकाट्यानं पूर्वेचं पाखं पाहिलं, दोन वासे बदलायला सांगितले. जाताना पश्चिमेच्या खोलीत आईपाशी पाणी प्यायला बसले. वर पाहत बराच वेळ बसले होते, ते मी दारातून पाहिलं.

अक्का तेव्हा माहेरपणाला आली होती. त्याच संध्याकाळी तिनं आईची बाज पूर्वेच्या खोलीत हलवली. उकडतं म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा वळीव आला. पश्चिमेच्या खोलीत पसरलेली, गळक्या कौलांखाली भिजणारी ज्वारी गोळा करायला अक्का धावली, आणि वासा कौलांसकट तिच्या गुडघ्यावर आला. आतून नुसता भुसा झाला होता. हाडवैद्यानं पाय बांधला, तो वाकडाच जुळला.

दाजी आले तेव्हा मी त्यांची बंडी धरली. विचारलं, त्या खोलीत बसून वर बघत होता, दिसलं नाही? ते शांतपणे म्हणाले, "शेठ, तुमी एकच पाखं ठरवलं व्हतं. म्या एकच बघितलं." बायको आत कण्हत होती आणि हा माणूस मला सौदा शिकवत होता. त्यानंतर मी त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. अक्काच येत राहिली, भाऊबीजेला, लंगडत.

तेराव्याला पंगती उठल्यावर मी तिला म्हणालो, आता इथं एकटी राहू नकोस, माझ्याकडं चल. ती पाटावर पाय टेकवून बसली होती. दाजी छपराखाली पडताना डोक्याखाली घ्यायचे तोच तो पाट, मधोमध झिजलेला. मी पुढं बोललो, ज्यानं वासा सडका दिसत असून तुला त्याखाली सोडलं, त्याच्या घरात कशाला राहायचं?

"त्यांनी सांगितलं व्हतं," अक्का म्हणाली. "मला. त्याच दिवशी. म्हनले, तुझ्या भावाला सांग, माझं ऐकायचा न्हाई."

मग का सांगितलं नाहीस?

"तू म्हनला असतास, नवऱ्याला उरलेली अर्धी मजुरी पायजे म्हनून बायकूला पुढं केली. चार लोकांत म्हनला असतास." पायावरून हात फिरवत म्हणाली, "आईला हलवली. आनि माझं मी इसरले, ज्वारी भिजती म्हनून."

एवढी वर्षं दाजींनी माझ्या शिव्या खाल्ल्या आणि हे तोंडातून काढलं नाही. यात मोठेपणा होता असं मी मानत नाही. मला आयुष्यभर चुकीच्या माणसावर भुंकत ठेवायचं, यात त्यांना गंमतच वाटत असणार... तसाच होता तो माणूस.

मी पुन्हा म्हणालो, झालं गेलं सोड, चल.

"न्हाई बाबू. तुझ्या घरात गप बसावं लागतं."

बरं, कायमची नको, मी म्हणालो. पावसाळ्यापुरती ये. नाहीतर निदान श्रावणापर्यंत...

अक्कानं पाटावरचा पाय हातानं उचलून बाजूला ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"ह्यातबी घासाघीस?"