गाडी झोपवणारे हवालदारकाका

बिल्डिंगमधलं कुणी गावाला निघालं की हवालदारकाका आधी विचारत, "गाडीचं काय केलंत?" कोण आजारी आहे, लग्न कुणाचं, हे सगळं नंतर. महूला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर ते इंदूरच्या स्नेहलतागंजात, आमच्या तळमजल्यावर राहायला आले. रोज सकाळी "जय भीम, सरजी" म्हणत, पण नजर माझ्या मोटारसायकलच्या चेनवर असे.

मी भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. बॅटरी कशी उतरते, लोखंड का गंजतं, हे फळ्यावर इतकं झकास समजावतो की मुलं टाळ्या वाजवतात. त्यामुळे दीड महिन्यासाठी बहिणीकडे बंगळुरूला निघालो, तेव्हा काकांचा सल्ला मी विद्वानाला शोभेल अशा मंद हास्याने ऐकला.

"टाकी फुल करा, बॅटरीची वायर काढा, सायलेन्सरच्या तोंडात कपडा कोंबा. गाडी नुसती खडी नाही करायची सरजी, तिला सुलवायची."

"हो, हो," म्हणत मी गाडीवर प्लास्टिक टाकलं आणि रिक्षात बसलो.

परतलो तर बॅटरी मेलेली, टाकीत गंज आणि एअर फिल्टरमध्ये माझ्याच सीटचा फोम कुरतडून उंदरांनी थाटलेला संसार. किक मारून मारून चपलेचा अंगठा तुटला. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी. काका खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "आता फळ्यावर किक मारून बघा," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मात्र पाने-पकड घेऊन स्वतःच आले, आणि दोन दिवस खपून त्यांनी गाडी सुरू करून दिली.

त्यांच्या लेखी गाडीला तहान लागे, दम लागे, अंग आखडे. प्लास्टिक का नको? "तिला सांस कशी घेता येईल?" मी बाष्प आणि संक्षेपणाबद्दल बोलू लागलो की म्हणत, "तेच तर मी मराठीत सांगतोय."

मग काकांचंच निघायचं ठरलं. हृदयाचं ऑपरेशन, नागपूरला, मुलीकडे. आता त्यांना पाना धरवत नव्हता. त्यांनी आपली जुनी मोटारसायकल माझ्यावर सोपवली. काकूंशिवाय दुसरं कुणी घरात नव्हतं, एवढंच त्याचं कारण असावं. ते खुर्चीवर बसून सांगत होते, मी करत होतो. बॅटरीची आधी काळी वायर सोडायची, हे मी दरवर्षी दोन-तीनशे मुलांना सांगतो. त्या दिवशी लाल सोडायला गेलो. पाना गाडीच्या लोखंडी चेसीला टेकला, ठिणगी उडाली आणि मी हातभर मागे.

"हेच पढवता का मुलांना?" काका इतके हसले की काकूंना पाणी घेऊन यावं लागलं.

सगळं झाल्यावर त्यांनी टाकीवरून हात फिरवला. "चार-पाच हफ्ते," म्हणाले. थोड्या वेळाने, "किंवा जास्त." मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "टायरात हवा किती ठेवू?" काकांनी आकडा सांगितला, दोनदा.

नागपूरहून दर रविवारी फोन येई. चेनवर तेल आहे ना? चाकं हाताने फिरवता ना? मी तपशीलवार उत्तरं देई. तब्येतीचं विचारायची मला भीती वाटे. ऑपरेशन पुढे ढकललं, मग झालं. त्यानंतरच्या रविवारी फोन सुजाताचा, त्यांच्या मुलीचा आला. काका ऑपरेशननंतर उठले नव्हते.

महिन्याभराने सुजाता गाडी न्यायला आली. मी कव्हर काढलं, सायलेन्सरमधला कपडा ओढला, बॅटरी जोडली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. इंजिनाचा आवाज स्थिरावला, तशी सुजाता जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी उगाचच अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त करत राहिलो.

"बाबा वॉर्डात सगळ्यांना सांगायचे," ती म्हणाली, "की माझी गाडी इंदूरला एका सरांकडे आहे. प्रोफेसर आहेत, पण हाताने एक नंबर मेकॅनिक. कुणाला फिकीर नको."

ठिणगीचं अगदी ओठांवर आलं होतं. पण वॉर्डभर सांगितलेलं त्यांचं बोलणं खोटं पाडायला मी कोण? हाताचं ग्रीस चिंधीला पुसत मी म्हटलं, "हो, काकांनीच शिकवलं."