शर्टमावशीचे तीन शर्ट

साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, डोक्याला घट्ट रुमाल. चितेगावच्या आमच्या कंपनीच्या बागेत शर्टमावशी अशी उभी राहायची, की नव्या माणसाला वाटावं, इथल्या झाडांवर हिचाच हुकूम चालतो. चालायचाच.

तिच्याकडे शर्ट तीन. उन्हाळ्याचा पांढरा, जाड सुती, नवऱ्याचा. पावसाळ्याचा निळा, चटकन वाळणारा, भावाचा. थंडीचा चौकड्यांचा, पुण्याला गेलेल्या लेकाचा. "परक्याचा कपडा अंगाला लावीत नाय मी," हे ती ठणकावून सांगायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "जिता व्हता तवा कधी सावली धरली नाय मेल्यानं. आता धरतोय बघा," म्हणत ती पांढऱ्या शर्टाची कॉलर झटकायची.

कोणता शर्ट कधी, हे कॅलेंडर ठरवत नसे. सकाळी येताना ती गेटच्या लोखंडी दांड्याला तळवा टेकवायची. नऊच्या आत चटका बसला, की दुसऱ्या दिवशी पांढरा. दांडा गार लागला, की चौकड्यांचा. फेब्रुवारीत आम्ही स्वेटरात आणि ही पांढऱ्यात! आम्ही हसायचो आणि चार दिवसांनी स्वेटर काखोटीला मारून, घाम पुसत घरी जायचो.

अशा बाईला काय घालावं हे शिकवायला निघालो मी. नवाकोरा प्रशासन अधिकारी. कंपनीत बडे पाहुणे येणार होते, म्हणून मी नोटीस काढून फळ्यावर लावली: बागेतल्या महिलांनी फक्त अर्ध्या बाह्यांचा हिरवा गणवेश घालावा, अन्य वस्त्र आढळल्यास गेटवरून परत पाठवण्यात येईल. त्यातलं 'आढळल्यास' मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

एप्रिलचा महिना. पाहुण्यांच्या दिवशीच मावशी पांढऱ्या शर्टात गेटवर, मागं बागेतल्या पाच बाया.

"मावशी, शर्ट काढा, नाहीतर घरी जा."

"काढत नाय. घरीबी जात नाय."

"नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"मंग तुम्हीच उभे ऱ्हावा आमच्यासंगं उन्हात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकले, तर मी उद्यापासून कामावर येत नाय. नाय टिकले, तर नोटीस तुमच्या हातानं फळ्यावरनं काढायची. बोला!"

पाच बाया बघत होत्या. वॉचमन बघत होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि केसांना जेल लावलेला मी म्हणालो, "मंजूर."

अकरापर्यंत मी सूचनाही देत होतो. बाराला सूचना थांबल्या. साडेबाराच्या सुमारास हिरवळ आधी पिवळी दिसली, मग काळी, मग दिसलीच नाही. डोळे उघडले तेव्हा मी कडुलिंबाच्या झाडाखाली आडवा होतो आणि अंगावर मावशीच्या नवऱ्याचा पाण्यात भिजवलेला शर्ट होता. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी समोर थांबली. मोठ्या साहेबांनी त्यांना गुलाब दाखवले, मोगरा दाखवला. माझी ओळख करून दिली नाही.

गाडी पुढं गेली तशी मावशी म्हणाली, "उठा सायेब. नोटीस."

फळ्यापाशी जाऊन मी सगळ्यांसमोर नोटीस काढली. "पिना जपून ठिवा," ती म्हणाली, "अजून लई नोटिसा काढायच्यात तुम्हाला."

पुढं काही वर्षांनी मावशी निवृत्त झाली ती मे महिन्यात. सत्काराची तयारी माझ्याकडं. मोठे साहेब तिच्या खांद्यावर लोकरी शाल घालायला गेले, तर तिनं ती वरच्या वर धरली.

"मे महिन्यात लोकर? ह्यांनीच आणली आसल!"

सभागृह माझ्याकडं बघून हसलं. मी मात्र पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्या सुती शर्टात उभा होतो, एवढी अक्कल त्या लिंबाखाली आली होती. तिनं तो शर्ट वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"द्यायचंच आसल तर ह्यांचा शर्ट द्या. मह्या घरवाल्याचा आता पार इरून गेलाय."

पुन्हा हशा झाला. मला हसू आलं नाही. परक्याचा कपडा ही बाई अंगाला लावीत नाही, हे मला ठाऊक होतं. बटणं काढायला मी मुळीच वेळ लावला नाही.

त्या दुपारी पैठण रोडनं मी बनियनवर तीच लोकरी शाल पांघरून मोटारसायकलवर घरी निघालो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं काळजीनं विचारलं, "क्या चचा, बुखार है क्या?"

"नाही हो," मी शाल आणखी आवळून म्हणालो, "सत्कार झालाय."